केराचा डबा: मंदीचा महिना, कामचुकारपणा आणि शिमल्याचा बर्फ



मागच्या व्हिडिओत आपण मंदीच्या महिन्यात दुकान कसं चालवायचं यावर बोललो. शेवटी मी माझ्या लहानपणच्या बर्फाचा विषय काढला आणि वेळ संपली म्हणून तो तिथेच सोडला. आज तो इथे पूर्ण सांगतो. गोष्ट माझी आणि तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची आहे, पण उपयोग तुम्हाला होईल.

पाऊण तास बर्फ

जानेवारीतली दुपार. पौष चालू. आमचं विट्यात भांड्यांचं आणि गिफ्टचं दुकान आहे. आपल्याकडे पौषात लग्नं नाहीत, म्हणजे रुखवत नाही, आहेर नाही, म्हणजे आमच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. अडीच वाजले होते. सकाळपासून दोन चहाच्या गाळण्या, एक पोळपाट आणि एक कुकरची शिट्टी एवढीच विक्री.

शिमल्यातल्या माझ्या शाळेतल्या मित्राने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. रात्रभर बर्फ पडलाय, लोअर बाजारच्या पायऱ्या दिसत नाहीत, पत्र्यावरून बर्फाची अख्खी लादी घसरून खाली धपकन पडते. मी तो बघितला. मग त्याखाली दुसरा आला, मग तिसरा. मान वर केली तेव्हा सव्वातीन वाजले होते. पाऊण तास मी माझ्याच दुकानात, माझ्याच गल्ल्यावर बसून बर्फ पडताना बघत होतो.

आणि मान वर केल्यावर मला काय दिसलं? आमच्याकडे कामाला असलेला मुलगा स्टीलच्या डब्यांच्या मागे स्टुलावर बसून मोबाईल बघत होता.

माझं डोकं सटकलं. "पगार कशाचा घेतोस रे? रील बघायचा?" असं मी मोठ्याने बोललो. त्याच वेळी एक बाई दारात आल्या होत्या. त्यांच्यासमोर बोललो.

तो उठला. मोबाईल खिशात घातला. म्हणाला, "दादा, काम सांगा ना मग. नुसतं उभं राहायला सांगता." आणि संध्याकाळी जाताना उद्या येतो म्हणाला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो चुकला होता का? थोडा चुकला होता. पण त्याच्या हातात काम नव्हतं म्हणून तो मोबाईल बघत होता. माझ्या हातात काम होतं. जीएसटीआर-३बी भरायला २० तारखेची मुदत होती आणि खरेदीची बिलं मी पिशवीतून बाहेरही काढली नव्हती. एका मंगल कार्यालयाच्या मालकाकडे कार्तिकातल्या लग्नांच्या भांड्यांचे ६८,००० रुपये अडकले होते आणि दोन महिने मी त्यांना फोन केला नव्हता. रोज सकाळी ठरवायचो, रोज दुपारी म्हणायचो, आत्ता जेवले असतील, झोपले असतील, उद्या करू.

मग खरा कामचुकार कोण?

शिमल्यातली आमची गलाई

आता जरा मागे जाऊ. आमचा सगळा खानापूर, आटपाडी, तासगावचा पट्टा पूर्वीपासून दुष्काळी. शेती पावसाच्या भरवशावर. म्हणून इथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात पडली आणि देशभर पांगली. तुम्ही कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा, एखाद्या बोळात मराठी बोलणारा गलाईवाला सापडेल. जुनं सोनं वितळवणं, शुद्ध करणं, टंच काढणं हे त्यांचं काम.

तात्या तसेच शिमल्याला गेले. लोअर बाजारच्या खाली दहा बाय बाराची खोली. पुढे भट्टी, मूस, चिमटे, सवागी, तेजाबाच्या बाटल्या. वरच्या मजल्यावर आम्ही चौघं. मी नववीपर्यंत तिथेच शिकलो.

शिमला समुद्रसपाटीपासून साधारण २,२०० मीटर उंचीवर आहे. बर्फ तिथे रोज पडत नाही. हिवाळ्यात काही वेळा पडतो, पण पडला की गाव थांबतं. पहिली खूण म्हणजे शांतता. सकाळी जाग आली आणि बाहेर काहीच आवाज नसला की मी पडल्या पडल्या ओळखायचो, रात्री बर्फ झालाय. लाईट गेलेली असायची. नळ गोठलेला. आई नळाला गोणपाट गुंडाळून ठेवायची, तरी गोठायचा. मग ती पातेल्यात बर्फ भरून शेगडीवर ठेवायची, आणि पातेलंभर बर्फाचं तांब्याभर पाणी व्हायचं.

पहिल्या दिवशी मजा. दुसऱ्या दिवशी त्याच बर्फाचा काच होतो. पाय घसरतो. म्हणून तात्या भट्टीची आणि शेगडीची राख पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवायचे आणि सकाळी पायऱ्यांवर टाकायचे. फक्त आमच्या नाही, खालच्या वळणापर्यंतच्या. पाठीवर ओझी वाहणारे काश्मिरी हमाल, त्यांना तिथे सगळे खान म्हणतात, ते त्याच पायऱ्यांनी कोळशाची पोती घेऊन चढायचे.

आणि धंदा? धंदा शून्य. एक तर रस्ते बंद. त्यात डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे पोह महिना, म्हणजे आपल्या पौषाचाच भाऊ. लग्नं नाहीत. सोनार रिकामे, म्हणजे गलाईवाला त्याहून रिकामा.

केराचा डबा

आमच्या दुकानात केर टाकून द्यायचा नाही असा नियम होता. सोन्याच्या कामात कण उडतात. कानस मारताना उडतात, कापताना उडतात, मूस फुटली तर जमिनीत जातात. म्हणून रोजचा केर एका पत्र्याच्या डब्यात. हात धुतलेलं पाणी एका टबात, तळाला गाळ बसेपर्यंत. बसायचं गोणपाट जुनं झालं तरी टाकायचं नाही, तेही त्याच डब्याशेजारी.

वर्षभर हा केर साठायचा. वर्षभर त्याकडे बघायला वेळ नसायचा. आणि बर्फ पडला, दुकानात चिटपाखरू येईना झालं, की तात्या तो डबा काढायचे.

गोणपाट जाळायचं. राख आणि केर एकत्र कुटायचा. चाळायचा. परातीत घेऊन पाण्याने धुवायचा, हलकं ते वाहून जातं, जड ते तळाला राहतं. गोठवणारं पाणी, बोटं लाल व्हायची. मध्येच शेगडीवर हात शेकायचे, पुन्हा परात. आठ-दहा दिवस हेच काम. मग उरलेल्या काळ्या मातीला भट्टी दाखवायची, तेजाबात घालायचं, आणि शेवटी मुशीच्या तळाला एक पिवळा मणी.

एका वर्षी तो एक तोळ्याच्या थोडा वर भरला होता. ते नव्वदच्या दशकाच्या शेवटाचं साल, सोनं तोळ्याला चार-साडेचार हजारांच्या आसपास. आमच्या घरासाठी ती मोठी रक्कम. त्यातून हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघं गावी जायचो. शिमल्याहून कालका, कालक्याहून दिल्ली, दिल्लीहून मिरज, पुढे एसटी. म्हणजे आजीला भेटायचं आमचं भाडं वर्षभराच्या केरातून निघायचं.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. तात्या दिवसभर राबत नव्हते. दुपारी ऊन आलं की सगळं ठेवून गच्चीवर. भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या, शेजारचे दोन दुकानदार, गप्पा. तेव्हा कोणी कामाचं विचारलं तर म्हणायचे, "आत्ता ऊन खातोय. चार वाजता बोलू." ते बसणं उघड होतं. त्यात चोरी नव्हती.

ज्या वर्षी डबा तसाच राहिला

एका हिवाळ्यात तात्यांनी डबा काढला नाही. कारण काही मोठं नव्हतं. बर्फ जास्त होता, शेजारच्या दुकानात पत्त्यांचा डाव बसायचा, तात्या तिथे जायला लागले. आई विचारायची, ते म्हणायचे, उद्यापासून. नंतर म्हणायला लागले, मार्चात बघू. दुकानाचं शटर मात्र रोज उघडं. कोणी विचारलं तर "दुकानावर होतो" म्हणायला मोकळे.

मार्चात रस्ते मोकळे झाले, पुढे लग्नाचं काम आलं आणि केराला वेळ उरला नाही. त्या वर्षी आम्ही गावी गेलो नाही. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. माझी आणि तिची भेट त्याआधी दीड वर्षापूर्वीची.

केवळ तेवढ्यामुळे गेलो नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्या वर्षी इतरही खर्च होते. पण मागच्या महिन्यात मी तात्यांना आमच्या दुकानातला प्रसंग सांगितला, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्या साली डबा काढायला पाहिजे होता." कुठलं साल ते सांगितलं नाही. मलाही विचारायची गरज पडली नाही.

म्हणून मी म्हणतो, मंदी वेगळी आणि कामचुकारपणा वेगळा. मंदी बर्फासारखी आहे. ती वरून पडते, तिला तुम्ही थांबवू शकत नाही. कामचुकारपणा त्या बर्फाआड लपतो. दोन्ही वेळेला दुकान सारखंच दिसतं, शटर उघडं आणि आत माणूस बसलेला. फरक चार-सहा महिन्यांनी कळतो, आणि तेव्हा किंमत भलताच कोणीतरी मोजतो.

मालकाचा कामचुकारपणा कामासारखाच दिसतो

नोकर कामचुकारपणा करतो तेव्हा तो स्टुलावर बसतो, दिसतो. मालकाचा दिसत नाही, कारण मालक त्या वेळी दुसरं कुठलं तरी काम करत असतो. माझीच यादी देतो.

उधारीचा फोन टाळायचा असला की मी शोकेस पुन्हा लावतो. हिशोब टाळायचा असला की दुकानाच्या बॅनरचा रंग बदलायचा विचार करतो. गिऱ्हाईक का तुटलं हे तपासायचं नसलं की नवीन माल बघायला पेठेत जातो. सगळी कामंच आहेत. पण त्या दिवशी करायचं काम ते नव्हतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अजून धंदा सुरू केलेला नाही. तुमची यादी वेगळी असेल. नाव काय ठेवायचं यावर तीन आठवडे. लोगो. व्हिजिटिंग कार्ड. आणि स्पष्टच सांगतो, माझे व्हिडिओ बघणं. दहावा व्हिडिओ बघून झाला आणि अजून एकाही गिऱ्हाइकाला भाव सांगितला नसेल, तर अकरावा बघू नका. माझे व्ह्यूज कमी झाले तरी चालतील.

ओळखायची खूण सोपी आहे. स्वतःला विचारा, आज असं कुठलं काम आहे ज्याचा विचार केला की पोटात जरा गोळा येतो? बहुतेक वेळा टाळलेलं काम तेच असतं. आणि ते फार मोठंही नसतं. माझं काम एका फोनचं होतं.

आणि दुकानातल्या माणसाचं काय?

बीबीएला असताना आम्हाला रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याचा प्रयोग शिकवला होता. त्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो, तेवढा तो गटात लावत नाही. आठ जण ओढायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की प्रत्येकाचं काम वेगळं मोजलं जाणार आहे हे माणसाला माहीत असेल, तर ही ढिलाई कमी होते.

आमच्या दुकानात आठ माणसं नाहीत, दोनच आहेत. पण कुठलं काम कोणाचं, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. "दुकानाकडे लक्ष ठेव" हे काम नव्हे. ते संपत नाही, मोजता येत नाही, आणि चांगलं केलं तरी कोणी शाबास म्हणत नाही. "स्टीलचे डबे मापाप्रमाणे मोजून वहीत लिही, झाकण नसलेले बाजूला काढ, पाच वाजता मला दाखव" हे काम आहे.

तो मुलगा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईसमोर म्हणालो, "गिऱ्हाइकासमोर बोललो ते माझं चुकलं." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी साडेनऊला आला.

झाडसुद्धा विश्रांती घेतं

आता कोणी म्हणेल, म्हणजे रिकामा वेळ मिळाला की कोंबून काम भरायचं का? नाही.

तात्यांकडे कोटगडच्या बाजूचे एक बागवान यायचे. सफरचंदाचे पैसे आले की घरातल्या जुन्या दागिन्यांचं काम काढायचे. सत्यानंद स्टोक्स या मूळच्या अमेरिकन माणसाने १९१६ च्या सुमारास त्या भागात डिलिशस जातीची सफरचंदं लावली आणि सगळ्या डोंगराचं अर्थकारण बदललं. मी त्या बागवानांना एकदा विचारलं होतं, एवढ्या बर्फात झाडं मरत नाहीत का? ते म्हणाले, बर्फ पडला नाही तर आम्ही मरू.

पुढे मला त्याचा अर्थ कळला. रॉयल डिलिशससारख्या जुन्या जातींना हिवाळ्यात साधारण ७ अंशांखालची हजार-बाराशे तास थंडी लागते. ती मिळाली नाही तर वसंतात फूल नीट येत नाही. वरून वाळक्या काटक्या दिसतात, पण झाड आळस करत नसतं. आणि बागवानही त्या दिवसांत बसून नसतो. छाटणी करतो, आळी करतो, खत घालतो.

आपल्या आटपाडीकडचे डाळिंबवाले हेच दुसऱ्या पद्धतीने करतात. बहार धरायच्या आधी बागेला ताण देतात, पाणी तोडतात. ताण आणि दुर्लक्ष दिसायला सारखंच, पान दोन्हीत गळतं. पण ताण देणाऱ्याला पाणी कधी सोडायचं हे माहीत असतं. विश्रांतीचंही तसंच आहे. ती कधी संपणार हे आधी ठरवलेलं असेल तर ती विश्रांती. नाहीतर ती टाळाटाळ.

तुमचा केराचा डबा कसा करायचा

आता कामाचं. हे मी आमच्या दुकानात चालू केलंय, तुम्ही तुमच्या धंद्याप्रमाणे बदला.

१. एक वही घ्या, तिच्यावर 'केर' लिहा. गर्दीच्या दिवसांत जे जे राहून जातं ते तिच्यात टाका. न जुळलेलं बिल, पडून असलेला माल, परत न आलेलं गिऱ्हाईक, मोडका रॅक, उधारीचं नाव. त्या वेळी सोडवायचं नाही, फक्त टाकायचं.

२. तुमच्या धंद्याचा पौष कधी येतो ते बघा. मागच्या वर्षीची विक्री महिन्याप्रमाणे मांडा. छत्रीवाल्याचा पौष वेगळा, स्टेशनरीवाल्याचा वेगळा. नवीन असाल तर त्याच धंद्यातल्या जुन्या दुकानदाराला विचारा, हे ते आनंदाने सांगतात.

३. मंदीत वही उघडा आणि रोज एकच काम धुवायला घ्या. वेळ ठरवून. पार्किन्सनने १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहिलं होतं की काम हे मिळालेल्या वेळाएवढं फुगतं. रिकाम्या दिवशी तर ते दिवसभर फुगतं. मी साडेअकरा ते एक ठेवलीय.

४. पोटात गोळा आणणारं काम सगळ्यात आधी. फोन असेल तर सकाळचा पहिला फोन तोच.

५. सरकारी तारखा वहीच्या पहिल्या पानावर. जीएसटीआर-३बी ला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, कर बाकी असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. हा केर साठवला तर सोनं निघत नाही, उलट खिशातून जातं.

६. माणसाला काम सांगताना तीन गोष्टी सांगा: काय, किती, कधी दाखवायचं.

७. ऊन खायची वेळ ठेवा. आमच्याकडे दुपारी तीन ते साडेतीन. त्या अर्ध्या तासात तो मोबाईल बघतो, मीही बघतो. गिऱ्हाईक आलं तर उठायचं, एवढाच नियम. उघड बसा, चोरून बसू नका.

शेवट

त्या मंगल कार्यालयाच्या मालकांना मी शेवटी फोन केला. सकाळी दहा वाजता, उभं राहून. ते म्हणाले, "अहो, तुम्ही काही बोललाच नाहीत, मला वाटलं तुम्हाला घाई नाही." त्या आठवड्यात त्यांनी ४०,००० दिले. फेब्रुवारीत आणखी १५,०००. उरलेले १३,००० अजून यायचेत, दर सोमवारी फोन करतो. सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. पण ५५,००० आले, आणि ते दोन महिने माझ्या एका फोनसाठी थांबले होते.

रिटर्न १९ तारखेला भरलं. डबे मोजले तेव्हा झाकण नसलेले ३१ निघाले. त्यातल्या बावीसांची झाकणं माळ्यावरच एका खोक्यात होती. मुलाने शोधली, मी नाही.

आज घरी गेल्यावर एक काम करा. वहीच्या पहिल्या ओळीवर ते एक काम लिहा, जे तुम्ही सगळ्यात जास्त दिवस टाळलंय. शेजारी आजची तारीख लिहा. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर, किंवा नोकरीवर जायच्या आधी, ते आधी करा. मग दुपारी खुशाल ऊन खा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. त्यात पडून राहिलेला माल कसा काढायचा ते बघू. नऊ डब्यांना अजून झाकण मिळालेलं नाही, सुरुवात त्यांच्यापासूनच करू.